वहीत नाव असताना अर्ज कशाला?

संस्था बुडाली की आधी प्रशासक येतो, मग अवसायक (संस्थेचा हिशेब मिटवून ती बंद करणारा अधिकारी) येतो, आणि एखाद्या सकाळी स्थानिक पेपरच्या आतल्या पानावर, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि हरवलेल्या खरेदीखतांच्या जाहिरातींच्या मध्ये, चार बोटं रुंदीची एक नोटीस छापून येते. अमुक संस्था अवसायनात काढण्यात आली आहे, ज्यांचं तिच्याकडे येणं असेल त्यांनी पुराव्यासह मुदतीत दावा दाखल करावा, मुदतीनंतरच्या दाव्यांचा विचार होणार नाही. मराठवाड्यात पतसंस्था, सूतगिरण्या, साखर कारखाने, दूध संघ यांच्या नावाने अशा नोटिसा पिढीभर निघत आल्या आहेत. आता मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्या सहकारी संस्था) आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांची त्यात भर पडली.

या नोटिशीतला ‘दावा दाखल करावा’ हा भागच मला उलटा वाटतो. ज्याचे पैसे अडकले त्याचं नाव, रक्कम आणि तारीख संस्थेच्या वहीत आधीच आहे. ती वही अवसायकाच्या ताब्यात आहे. तरीही बुडालेल्या माणसानेच पुन्हा येऊन सांगायचं की मी बुडालो, इतक्याने बुडालो, आणि हा त्याचा पुरावा. माझं म्हणणं सरळ आहे. बरखास्त होणारी संस्था सहकारी असो, मल्टिस्टेट असो की कंपनी, तिच्या हिशेबात ज्याचं येणं नोंदलेलं आहे त्याचा दावा दाखल झालाच असं धरावं. अर्ज फक्त दोघांनी करावा: ज्याला नोंद चुकीची वाटते त्याने आणि ज्याचं नावच वहीत नाही त्याने.

ही कल्पना माझी नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, त्याखालचे नियम १९६१ चे. त्या नियमांत अवसायकाने काय करायचं ते लिहिलं आहे: नोटीस काढायची, दोन महिन्यांत दावे मागवायचे. आणि लगेच पुढे म्हटलं आहे की संस्थेच्या हिशेबाच्या वह्यांत नोंदलेली सर्व देणी आपोआप अवसायकाकडे दाखल झाली असं मानलं जाईल. साठ वर्षांहून जास्त काळ हे वाक्य नियमात आहे. ते लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला गावची सोसायटी माहीत असणार. सभासदाला सही येईलच असं नाही, तो नोटीस वाचेलच असं नाही, पण गटसचिवाच्या खतावणीत त्याचं पान आहे, एवढं त्याने ओळखलं होतं.

आणि प्रत्यक्षात काय चालतं? पतसंस्था बुडाली की ठेवीदारांना नमुना अर्ज वाटले जातात. मूळ ठेवपावतीची झेरॉक्स, आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, दोन फोटो. काही ठिकाणी बाँडवर प्रतिज्ञापत्रही. मूळ पावती जमा करा म्हटलं की म्हातारी माणसं हादरतात, कारण हातात उरलेला तेवढाच एक कागद असतो. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरात आदर्श नागरी पतसंस्थेचे ठेवीदार रस्त्यावर उतरले, पाठोपाठ बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या शाखा बंद पडल्या आणि जिल्ह्या-जिल्ह्यांत पोलिस ठाण्यांसमोर रांगा लागल्या. त्या रांगांत उभी असलेली बहुतेक माणसं एकच गोष्ट सिद्ध करायला आली होती, जी संस्थेच्या संगणकात आधीच होती.

पतसंस्थेच्या मुदत ठेवीची खतावणी ज्यांनी कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एका ओळीत पावती क्रमांक, ठेवीदाराचं नाव, गाव, रक्कम, व्याजदर, ठेवल्याची तारीख, परतीची तारीख आणि शेवटच्या रकान्यात वारसाचं नाव. लेखापरीक्षक दरवर्षी या खतावणीची बेरीज ताळेबंदातल्या ठेवींशी जुळवतो आणि खाली सही करतो. म्हणजे दाव्याच्या अर्जात जे काही विचारतात ते सगळं इथे आहे, शिवाय त्यावर तिऱ्हाइताची सही आहे. तरी ठेवीदार मरण पावला असेल तर त्याच्या मुलाला दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला आणायला पाठवतात. शेवटचा रकाना कशासाठी असतो मग?

मुदतीचा प्रश्न याहून वाकडा आहे. सहकारात निदान दोन महिने आहेत. नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली कंपनीचं परिसमापन, म्हणजे अवसायनच, सुरू झालं की दाव्यांसाठी तीस दिवस. आता बीड, धाराशिव, जालना, परभणीचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात आणि लाखो माणसं कोल्हापूर, सांगली, पुणे, सोलापूर ते कर्नाटकपर्यंत फडावर जातात. घरी म्हातारी आणि शाळेतली पोरं. नोव्हेंबरात नोटीस छापली तर ती ज्याच्यासाठी छापली तो माणूस तीनशे किलोमीटरवर पहाटे ऊस तोडत असतो. तो मार्च-एप्रिलमध्ये परत येतो तेव्हा मुदत संपून कधीच गेलेली असते. कायद्याच्या दृष्टीने त्याला ‘नोटीस मिळालेली’ असते. उशिरा आलेला दावा घ्यायचा की नाही ही मग कुणाच्या तरी कृपेची बाब होते, आणि कृपा मागायला वकील लागतो.

साखर कारखान्याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण मराठवाड्यात बुडीत देण्यांचा सगळ्यात मोठा गुंता तिथे आहे. ऊस तुटला, ट्रॅक्टर वजनकाट्यावर आला, पावती निघाली. ही पावती पातळ कागदावर उष्णतेने छापलेली असते. खिशात, घामात, घरच्या डब्यात ठेवली तर वर्ष-दोन वर्षांत अक्षरं उडून कोरा कागद राहतो. कारखान्याच्या शेतकी विभागाच्या नोंदीत मात्र तेच वजन, तोच गट नंबर, तीच खेप कायम असते. पुरावा म्हणून आपण शेतकऱ्याकडे काय मागतो? तो पुसलेला कागद.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर पंधरा टक्के व्याज द्यायचं. थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करण्यासाठी साखर आयुक्त प्रमाणपत्र काढतात, ज्याला सगळे ‘आरआरसी’ म्हणतात, आणि ते जिल्हाधिकाऱ्याकडे जातं. ही तरतूद चांगली आहे, तिच्यामुळे अनेकांचे पैसे निघालेही. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: आरआरसी काढताना आयुक्तालय प्रत्येक शेतकऱ्याचा अर्ज मागवत नाही. कारखान्याच्या नोंदींवरून एकूण थकबाकी किती ते ठरतं. म्हणजे कारखाना चालू असताना वही चालते. कारखाना अवसायनात गेला की तीच वही अपुरी कशी ठरते, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

कारखान्यात आणखी एक घोळ आहे. शेतकरी सभासद म्हणून मालक आणि ऊस घातला म्हणून धनको, म्हणजे संस्थेकडून येणं असलेला, दोन्ही एकाच वेळी. मालक असल्याने त्याचं भागभांडवल रांगेत सगळ्यात शेवटी, हे समजण्यासारखं आहे. पण वर्षानुवर्षं उसाच्या बिलातून टनामागे काही रुपये कापून ठेवलेल्या ठेवींचं काय? परतीच्या ठेवी, बिनपरतीच्या ठेवी, कसल्या कसल्या निधीसाठी केलेली कपात. सभासदाला विचारून कापलं असं कुणी म्हणणार नाही. सर्वसाधारण सभेत हात वर झाले, की झाले असं लिहिलं गेलं. परतीची ठेव हे देणं आहे आणि त्याचा दावा व्हायलाच हवा. बिनपरतीच्या ठेवीवर वाद होऊ शकतो. पण हा वाद व्हायला आधी ती रक्कम कुठेतरी नावानिशी मांडलेली दिसली पाहिजे. सभासदाला आपल्या नावावर अशा ठेवी किती साठल्या हे साधारणपणे माहीतच नसतं, तो दावा काय डोंबल करणार?

कन्नडचा कारखाना, जालन्याचा रामनगरचा कारखाना राज्य सहकारी बँकेने थकीत कर्जापोटी विकले. ढोकीच्या तेरणाचा ताबा उस्मानाबाद जिल्हा बँकेकडे गेला आणि तो भाड्याने देण्यावरून पुढे बरीच कोर्टकचेरी झाली. या व्यवहारांच्या योग्य-अयोग्यतेवर बरंच लिहून झालं आहे, त्यात मी पडत नाही. माझा मुद्दा रांगेचा. बँक तारणावर हात ठेवून उभी असते, तिला नोटीस वाचायची गरज नसते. तिचा वकील अवसायकाच्या आधी कार्यालयात पोचलेला असतो. कामगारांचं मात्र थोडं बरं आहे, कारण त्यांच्या मागे एक कार्यालय उभं आहे. २००९ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँक विरुद्ध सहायक भविष्य निर्वाह निधी आयुक्त या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बँकेकडे तारण असलेल्या साखरेवरही पहिला हक्क भविष्य निर्वाह निधीच्या थकबाकीचा. ही थकबाकी कशी ठरते? कामगाराच्या अर्जावरून नाही ठरत. कारखान्याच्या पगारपत्रकावरून, म्हणजे वहीवरूनच, निधी कार्यालय ती काढतं आणि स्वतः मागतं. ज्या धनकोची बाजू कुणीतरी वही उघडून मांडतं त्याला काहीतरी मिळतं. ऊस उत्पादकासाठी आणि ठेवीदारासाठी ते काम अवसायकाने करायचं असतं, आणि नियम त्याला तसं सांगतोही.

सहकारात कुणाला आधी द्यायचं याचा निर्णय बराचसा अवसायकाच्या हातात आहे. दावे तपासणं, अग्रक्रम ठरवणं, एखाद्या वर्गाला पूर्ण किंवा प्रमाणात देणं हे त्याचे अधिकार. अधिकार मोठे, पण माणूस बहुधा उपनिबंधक कार्यालयातला, ज्याच्याकडे एकाच वेळी आठ-दहा बुडालेल्या संस्था, एक लिपिक आणि गळकं गोदाम. त्याला दोष देणं सोपं आहे. अर्ज मागवणं त्याला सोयीचं पडतं, कारण जितके अर्ज आले तितकेच दावे, आणि न आलेल्यांची जबाबदारी न आलेल्यांवर. वहीवरून यादी करायची तर वही वाचावी लागते.

कंपन्यांकडे वळू. चितेगावची व्हिडिओकॉन हे आपल्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण. पैठण रस्त्यावरचा तो कारखाना एकेकाळी छत्रपती संभाजीनगरची शान होता. वाळूज-चिकलठाण्यातल्या कितीतरी छोट्या वर्कशॉपना त्याच्यामुळे काम होतं. २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने कंपनी नव्या मालकाकडे देण्याचा जो आराखडा मंजूर केला त्यात सुमारे ६४,८०० कोटींच्या मान्य दाव्यांपुढे २,९६२ कोटी मिळणार होते, आणि माल-सेवा पुरवणाऱ्या धनकोंच्या वाट्याला ०.७२ टक्के. हजार रुपयांना सात रुपये. मंजुरी देणाऱ्या न्यायाधिकरणालाच हे केस कापणं (येण्यातल्या कपातीला इंग्रजीत ‘हेअरकट’ म्हणतात) नसून मुंडण आहे असं म्हणावंसं वाटलं. जानेवारी २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती मंजुरी रद्द केली. कंपनी तेव्हा बरखास्त झालेली नव्हती, हे खरं. पण दाव्यांची यंत्रणा तीच आहे, आणि परिसमापनात तर माल पुरवणारा सुट्या भागांचा कारखानदार सरकारच्या कराच्याही मागे उभा असतो. कामगाराला चोवीस महिन्यांच्या थकीत वेतनापुरता तारणधारकांच्या बरोबरीचा मान आहे, इतर कर्मचाऱ्यांना बारा महिन्यांपुरता आणि त्यांच्या नंतरचा.

०.७२ टक्क्यांसाठी कोण अर्ज करेल, असं म्हणून अनेकांनी फाईल बंद केली असेल. पण न केलेल्या अर्जाची किंमत त्याहून मोठी असते. एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मंजूर आराखड्यात ज्या दाव्याचा समावेश नाही तो विझला. नव्या मालकाला कोरी पाटी मिळाली पाहिजे, नाहीतर बुडीत कारखाना घेणार कोण, हे त्यामागचं कारण. ते मला पटतं. शेंद्र्यात किंवा वाळूजमध्ये बंद शेड विकत घेणाऱ्याने मागच्या मालकाच्या उधाऱ्या किती वर्षं फेडत बसायच्या? पण दावा इतका कायमचा विझणार असेल तर धनकोपर्यंत पोचण्याची जबाबदारीही तेवढीच कडक हवी. पेपरातल्या चार बोटांच्या जाहिरातीवर एखाद्याचा हक्क संपवायचा, हे प्रमाणात बसत नाही.

गंमत म्हणजे कंपनी कायद्याचं जग आता १९६१ च्या सहकार नियमांच्या दिशेनेच हळूहळू सरकतं आहे. सप्टेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दिवाळखोरीची प्रक्रिया चालवणाऱ्या व्यावसायिकाने कंपनीच्या अखेरच्या उपलब्ध हिशेबांत दिसणाऱ्या धनकोंना जाहीर सूचनेची प्रत पोस्टाने किंवा ईमेलने पाठवायची आहे. आणि कंपनी पुढे परिसमापनात गेली तर आधी दिलेला दावा पुन्हा न दिला तरी तपासायचा आहे. अर्धी वाट चालून झाली. पत्र पाठवायला ज्याचं नाव वहीतून काढता येतं, त्याचा दावा त्याच वहीतून का धरता येऊ नये?

यावर जो आक्षेप घेतला जाईल तो मी स्वतःच मांडतो, कारण तो दमदार आहे. वही खरी कशावरून? ज्या संस्था बुडतात त्या बहुधा वहीत खोटं लिहूनच बुडतात. संचालकांच्या मेहुण्यांच्या नावे ठेवी, कागदावरच्या सोसायट्यांना कर्ज, न आलेल्या मालाची बिलं. वही म्हणजेच दावा धरला तर सगळ्यात आधी चोरांचंच फावेल.

पतसंस्थांच्या हिशेबांशी ज्यांचा संबंध आला त्यांना ठाऊक आहे की खोटेपणा साधारणपणे कर्जाच्या बाजूला असतो, देण्याच्या बाजूला कमी. ठेव खोटी दाखवून संचालकाला काय मिळणार, ती परत द्यायचं ओझंच वाढतं. अपवाद अवसायनाच्या तोंडावर घुसडलेल्या नोंदींचा. त्यांच्यासाठी गाळणी लावता येते. संचालक, त्यांचे नातेवाईक, अधिकारी आणि त्यांच्या संस्था यांना आपोआप दाव्याचा लाभ नको. शेवटच्या वर्षभरातल्या मोठ्या नोंदींना नको. आणि रकमेला मर्यादा असावी, समजा पाच लाख, जी बँकेतल्या ठेवीच्या विम्याची २०२० पासूनची मर्यादा आहे. वरच्या रकमेसाठी खुशाल अर्ज मागा, पुरावे मागा. बुडालेल्यांपैकी बहुसंख्य माणसं पाच लाखांच्या आतलीच असतात.

खोटी नावं पकडायचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे यादी गावात लावणं. चावडीवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, सोसायटीच्या भिंतीवर. अमक्याने गेल्या हंगामात तीनशे टन ऊस घातला असं यादीत आलं आणि त्याच्याकडे दीड एकर कोरडवाहू असेल, तर ते मुंबईत बसलेल्या तपासनिसाच्या आधी पारावर बसलेल्यांना कळतं. हे अशक्य काम नाही. २०१९ च्या अखेरीस जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत सरकारने शेतकऱ्याला अर्ज करायला लावला नव्हता. बँकांकडून खात्यांची माहिती घेतली, फेब्रुवारी २०२० पासून याद्या लावल्या, प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक दिला, आणि शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन आधारचा अंगठा देऊन रक्कम मान्य आहे की नाही एवढंच सांगितलं. अमान्य असेल तर तक्रार. त्याच्या आधीच्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्जांसाठी रात्र-रात्र सेवा केंद्रांबाहेर बसलेली माणसं आपण पाहिली होती. दोन्हींतला फरक मराठवाड्याला कुणी सांगायला नको. बँकांच्या बाबतीतही २०२१ च्या दुरुस्तीने हेच झालं: निर्बंध आले की बँकेनेच पंचेचाळीस दिवसांत ठेवीदारांची यादी ठेव विमा महामंडळाला द्यायची, नव्वद दिवसांत विम्याचे पैसे. ठेवीदाराने संमती आणि खात्याचा तपशील द्यायचा. पतसंस्थेला आणि मल्टिस्टेटला तो विमा नाही, हे आपल्याकडच्या ठेवीदारांना संस्था बुडाल्यावर कळलं. पण विमा नसला तरी यादीची पद्धत उचलायला काय हरकत आहे?

आता माझ्याच मुद्द्याची उणी बाजू. वहीत नाव असलेल्यांचं भलं होईल. ज्यांचं नाव वहीत कधी लागतच नाही त्यांचं काय? ऊसतोड कामगार हे त्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा व्यवहार मुकादमाशी, मुकादम उचल देऊन कोयते, म्हणजे तोडणीची मजूर जोडपी, गोळा करतो. कारखान्याच्या खतावणीत वाहतूकदाराचं कमिशन आणि अनामत दिसेल, फार तर मुकादमाचं नाव दिसेल. धारूर किंवा पाटोद्याच्या ज्या नवरा-बायकोने सहा महिने मोळ्या बांधल्या त्यांची ओळ कुठेच नाही. कारखाना बुडाला तर वाहतूकदार म्हणतो मलाच मिळालं नाही, मुकादम म्हणतो उचल फिटली नाही, आणि हिशेब पुढच्या हंगामावर चढतो. एजंटाकडे रोज थोडे थोडे भरायच्या पिग्मी ठेवीचंही तसंच. टपरीवाल्याच्या कार्डावर एजंटने रोज शंभर लिहिले, संस्थेत ऐंशीच भरले. इथे वही कार्डापेक्षा खोटी आहे.

म्हणून अर्जाची वाट बंद करू नये, ती अशांसाठी मोकळी करावी. दहा हजार खरे ठेवीदार रांगेत नसले तर अवसायकाला उरलेल्या दोनशे अडलेल्यांकडे बघायला वेळ मिळेल. पिग्मी कार्ड हा पुरावा मानावा आणि ते खोटं आहे हे सिद्ध करण्याचा भार संस्थेवर टाकावा. तोडणी मजुरांसाठी वाहतूकदाराचा दावा मंजूर करताना त्याच्याकडून टोळीतल्या कोयत्यांची नावानिशी यादी घ्यावी आणि रक्कम त्या यादीला बांधावी. ही दुसरी गोष्ट सोपी नाही, मुकादम ती टाळतील. आणि अशांसाठी मुदत एप्रिलच्या पुढे जाईल अशीच ठेवावी. हंगाम संपेपर्यंत थांबल्याने कुठलाही लिलाव आजवर अडलेला नाही, बाकी सगळ्या कारणांनी मात्र वर्षानुवर्षं अडतात.

‘पण वाटायला पैसेच नसतात, मग यादीचा खटाटोप कशाला?’ असंही विचारतात. यादी फक्त वाटपासाठी नसते. सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली संचालकांवर नुकसानीची जबाबदारी बसवायची तर नुकसान कुणाचं आणि किती हे लागतं. ठेवीदारांच्या हितसंरक्षणाच्या १९९९ च्या राज्याच्या कायद्याखाली, ज्याला पोलिसांपासून पत्रकारांपर्यंत सगळे एमपीआयडी म्हणतात, जप्त मालमत्ता विकली तर पैसे कुणाला द्यायचे हे लागतं. कंपनीचं नाव निबंधकाने नोंदवहीतून काढून टाकलं तरी कंपनी कायद्याच्या कलम २४८ प्रमाणे संचालकांची आणि सभासदांची जबाबदारी जणू कंपनी बरखास्त झालीच नाही अशी चालू राहते, आणि कलम २५२ प्रमाणे धनको किंवा कामगार राजपत्रातल्या सूचनेपासून वीस वर्षांपर्यंत कंपनी पुन्हा नोंदीवर आणायचा अर्ज करू शकतो. २०१७ मध्ये एका वर्षात देशभरात दोन लाखांहून अधिक कंपन्यांची नावं अशी काढली गेली. वार्षिक विवरणपत्रं न भरलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही हाच धोका आहे. सोयाबीन घालून पैसे अडकलेल्या लातूर-हिंगोलीच्या शेतकऱ्याला ‘कंपनीच राहिली नाही’ असं सांगून घरी पाठवलं जातं, तेव्हा त्याच्या हातात हे कलम असतं आणि त्याला ते माहीत नसतं.

या वीस वर्षांत एक मोठी अडचण लपलेली आहे. कंपनीने हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपायची असतात. हक्क वीस वर्षं, पुरावा आठ. सहकारात अवसायन सहा वर्षांत संपवावं अशी मूळ अपेक्षा, मग मुदतवाढी; तोवर दप्तर एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरतं, आर्थिक गुन्हे शाखा काही कपाटं उचलून नेते, उरलेल्यावर पाणी गळतं. पंचनाम्यात ‘विविध रजिस्टर, एकूण चौदा गोणी’ अशी नोंद असते आणि त्या गोण्यांतच हजारो लोकांचे दावे असतात. त्यामुळे माझ्या मागणीत पहिलं काम नोटिशीचं नाहीच. अवसायकाने किंवा परिसमापकाने ताबा घेतल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत ठेव खतावणी, ऊसबिलाची नोंद, पगारपत्रक आणि पुरवठादारांची खाती यांची पानन् पान स्कॅन करून एक प्रत जिल्हा उपनिबंधकाकडे आणि एक जिल्हाधिकारी कार्यालयात ठेवावी. पोलिसांना मूळ कागद हवे असतील तर त्यानंतर न्यावेत. ही प्रत संस्था बरखास्त झाल्यावरही वीस वर्षं राहिली पाहिजे, आणि ज्याचं नाव तिच्यात आहे त्याला आपली ओळ, सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखी, ठराविक फी भरून मागता आली पाहिजे.